सहा आकड्यांची एक सारणी: सापेक्षतेत विद्युतचुंबकीय क्षेत्र कसे मांडायचे

तारेचे वेटोळे स्थिर ठेवून त्यात चुंबक सरकवला, तर वेटोळ्यात प्रवाह वाहतो. चुंबक स्थिर ठेवून वेटोळे सरकवले, तरी तेवढाच प्रवाह वाहतो. पण पुस्तकात दोन्हींची कारणे वेगळी सांगितलेली असतात. पहिल्या वेळी बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे विद्युत क्षेत्र तयार झाले म्हणायचे, आणि दुसऱ्या वेळी चुंबकीय बलाने तारेतले इलेक्ट्रॉन ढकलले म्हणायचे. आइन्स्टाइनच्या १९०५ च्या शोधनिबंधाची सुरुवात याच खटकणाऱ्या गोष्टीने होते. घटना एक, मोजमाप एक, मग स्पष्टीकरणे दोन का?

उत्तर असे की विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र या दोन स्वतंत्र वस्तू नाहीतच. एकाच वस्तूच्या या दोन बाजू आहेत, आणि कुठली बाजू किती दिसणार हे पाहणाऱ्याच्या वेगावर ठरते. हे वाक्य बहुतेकांनी वाचलेले असते. पण ती ‘एकच वस्तू’ कागदावर कशी लिहायची, तिच्यात आकडे कसे भरायचे आणि वेग बदलल्यावर नवे आकडे कसे काढायचे, इथे गाडी अडते. हा लेख त्यासाठी आहे. सदिश, आंशिक विकलन, मॅट्रिक्सचा गुणाकार आणि लॉरेन्ट्झ रूपांतरण यांची तोंडओळख असेल तर पेन-कागद घेऊन बसा. नुसते वाचून हा विषय हाती लागत नाही.

आधी चिन्हे ठरवा, आणि ती बदलू नका

या विषयात माझा सगळ्यात जास्त वेळ भौतिकशास्त्राने खाल्लेला नाही, चिन्हांनी खाल्ला आहे. विद्यार्थी असताना मी दोन वेगवेगळ्या टिपणांतली सूत्रे एकत्र केली आणि दोन दिवस एक उणे शोधत बसलो. दोन्ही टिपणे बरोबर होती. फक्त त्यांचे संकेत उलटे होते. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर संकेत लिहून ठेवा. या लेखापुरते ते असे:

काळाचा अक्ष ०, आणि अवकाशाचे अक्ष १, २, ३. काळ सेकंदांत न मोजता प्रकाशवेगाने गुणून मीटरमध्ये घ्यायचा, म्हणजे चारही अक्षांचे एकक सारखे होते. अंतराच्या सूत्रात काळाला अधिक आणि अवकाशाच्या तिन्ही दिशांना उणे. त्यामुळे एखाद्या राशीचा वरचा अंक खाली आणताना ० असेल तर चिन्ह तसेच राहते, १, २ किंवा ३ असेल तर उलटते. वरचा अंक ^ या खुणेने, खालचा _ या खुणेने दाखवू. म आणि न ही अक्षरे ० ते ३ पैकी कुठल्याही अंकाच्या जागी येतील. एकच अक्षर एकदा वर आणि एकदा खाली आले, की त्याच्या चारही किमती घालून बेरीज करायची.

आणखी एक सोय करून घेऊ. विद्युत क्षेत्राला प्रकाशवेगाने भागून येणाऱ्या राशीला ई म्हणू, आणि चुंबकीय क्षेत्राला ब. असे केले की दोन्हींचे एकक टेस्ला होते आणि सूत्रांतला प्रकाशवेग जवळजवळ नाहीसा होतो. एक टेस्लाचे ई म्हणजे मीटरला सुमारे ३० कोटी व्होल्ट. साधारण ३० लाख व्होल्ट प्रति मीटरला हवेतच ठिणगी पडते, म्हणजे हवेत टिकणारे ई जेमतेम ०.०१ टेस्ला. फ्रिजच्या दाराला चिकटवतो तो लहानसा चुंबकही पृष्ठभागापाशी काही मिलीटेस्ला देतो. एकाच मापाने मोजल्यावर रोजच्या जगात चुंबकीय बाजू किती वरचढ आहे, हे असे चटकन दिसते.

चौथा घटक जोडून का भागत नाही

सापेक्षता शिकताना सवय लागते ती चतुःसदिशांची. स्थानाला काळ जोडला, संवेगाला ऊर्जा जोडली, की तीन घटकांचे चार होतात आणि लॉरेन्ट्झ रूपांतरण त्यांना लागू पडते. त्यामुळे विद्युत क्षेत्रालाही एक चौथा घटक शोधावा, चुंबकीय क्षेत्रालाही एक शोधावा, असे मनात येतेच. हा रस्ता बंद आहे, आणि तो का बंद आहे हे समजल्याशिवाय पुढची सारणी उपरी वाटत राहते.

चतुःसदिशाची खूण अशी: आपण १ या दिशेने वेगाने निघालो तर त्याचे ० आणि १ हे घटक एकमेकांत मिसळतात, २ आणि ३ जसेच्या तसे राहतात. म्हणजे गतीच्या दिशेतले बदलते, आडवे बदलत नाही. विद्युत क्षेत्राचे वागणे नेमके उलटे आहे. गतीच्या दिशेतला घटक तसाच राहतो आणि आडवे घटक बदलतात. एकमेकींसमोर ठेवलेल्या दोन भारित पट्ट्यांचा विचार करा. पट्ट्यांना लंब दिशेने तुम्ही निघालात तर पट्ट्यांमधले अंतर आकुंचन पावते, पण पट्टीवरच्या विद्युतभाराची घनता तीच राहते, म्हणून क्षेत्रही तेच राहते. पट्ट्यांना समांतर निघालात तर पट्ट्यांची लांबी आकुंचन पावते, भार दाटतो आणि क्षेत्र वाढते. सदिश असे वागत नाही. मग कोण वागते? याचे उत्तर बलाच्या नियमात आहे.

बलाच्या नियमातून सारणी उगवते

भारित कणावरचे बल आपल्याला माहीत आहे. त्यात एक भाग वेगावर अवलंबून नसतो, तो विद्युत. दुसरा वेगाच्या सरळ प्रमाणात असतो, तो चुंबकीय. वेगाचा वर्ग कुठेच येत नाही.

आता हेच सापेक्षतेच्या भाषेत म्हणा. कणाचा चतुःवेग उ. त्याचा शून्यावा घटक गॅमा गुणिले प्रकाशवेग, आणि बाकीचे तीन गॅमा गुणिले नेहमीचा वेग. (गॅमा म्हणजे १ भागिले √(१ − बीटा वर्ग), आणि बीटा म्हणजे प्रकाशवेगाच्या पटीत मोजलेला वेग.) कण अगदी स्थिर असला तरी शून्यावा घटक शून्य नसतो, कारण काळातून तो सरकतच असतो. म्हणजे ‘वेगावर अवलंबून नसलेले’ विद्युत बलसुद्धा वेगाच्याच प्रमाणात निघाले, फक्त काळाच्या दिशेतल्या वेगाच्या. विद्युत आणि चुंबकीय यांच्यातली भिंत पहिल्यांदा इथे पडते.

मग बलाचा नियम एकच उरतो. संवेगाच्या बदलाचा दर चतुःवेगाच्या प्रमाणात. चार घटकांतून चार घटक मिळवायचे तर मध्ये चार बाय चारची सारणी लागणार:

स्वकालानुसार प^म चा बदल = क्यू × फ^मन × उ_न

इथे स्वकाल म्हणजे कणाबरोबरच्या घड्याळाने मोजलेला काळ, प हा चतुःसंवेग, क्यू हा विद्युतभार, आणि फ ही आपल्याला हवी असलेली वस्तू. दोन अंक असलेल्या अशा राशीला दुसऱ्या दर्जाचा टेन्सर म्हणतात. तूर्त तिच्यात १६ जागा आहेत, आणि ई व ब चे मिळून घटक फक्त सहा. दहा जागांचे काय करायचे?

हा निर्णय कणाचे वस्तुमान घेते. इलेक्ट्रॉनला क्षेत्रात कितीही पळवा, त्याचे स्थिर वस्तुमान बदलत नाही. गणितात याचा अर्थ असा की चतुःसंवेगाची ‘लांबी’ कायम राहते, म्हणून तिचा बदल चतुःवेगाला लंबच असला पाहिजे. वरच्या समीकरणाला उ_म ने गुणले तर डावी बाजू शून्य होते, आणि उरते:

उ_म फ^मन उ_न = ० (कुठल्याही वेगासाठी)

उ_म आणि उ_न ची अदलाबदल केली तरी त्यांचा गुणाकार तोच राहतो. म्हणून फ च्या ज्या भागात अंकांची अदलाबदल काही बदलत नाही, तो सममित भाग या बेरजेत उतरतो. ही बेरीज प्रत्येक वेगासाठी शून्य यायला हवी, म्हणजे तो भाग मुळातच शून्य हवा. उरतो तो प्रतिसममित भाग, ज्यात अंक उलटे केले की चिन्ह उलटते: फ^नम = −फ^मन.

कर्णावरच्या चार जागा त्यामुळे शून्य झाल्या, कारण स्वतःच्याच उणे असलेली संख्या शून्यच असते. उरलेल्या १२ पैकी निम्म्या दुसऱ्या निम्म्यांच्या उणे. स्वतंत्र जागा सहा. तीन ई चे घटक, तीन ब चे घटक, हिशोब चोख.

इथे क्षणभर थांबावेसे वाटते. अनेक ठिकाणी ही सारणी आकाशातून पडल्यासारखी दिली जाते आणि ‘प्रतिसममित आहे हे लक्षात घ्या’ म्हणून लेखक पुढे जातो. पण ती प्रतिसममित असणे ही कुणाची निवड नाही. स्थिर वस्तुमान न बदलणारा कण आणि वेगाच्या सरळ प्रमाणातले बल या दोन गोष्टी मान्य केल्या की दुसरा पर्यायच उरत नाही.

जागा भरणे

कुठल्या जागेत काय, हे पाठ करू नका. बलाच्या नियमावरून काढा. म च्या जागी १ घाला. उजवीकडे तीन पदे येतात: फ^१० उ_०, फ^१२ उ_२ आणि फ^१३ उ_३. आपल्याला हवे आहे ते असे: १ दिशेतले बल = विद्युत क्षेत्राचा पहिला घटक + (दुसरा वेग × ब३) − (तिसरा वेग × ब२), आणि या सगळ्याला गॅमा. उ_० म्हणजे गॅमा गुणिले प्रकाशवेग, म्हणून फ^१० = ई१. उ_२ मध्ये अंक खाली आल्यामुळे एक उणे शिरले आहे, म्हणून फ^१२ = −ब३. तसेच फ^१३ = +ब२. बाकीच्या ओळी याच पद्धतीने. पूर्ण सारणी:

| फ^मन | ० | १ | २ | ३ |
|---|---|---|---|---|
| ० | ० | −ई१ | −ई२ | −ई३ |
| १ | ई१ | ० | −ब३ | ब२ |
| २ | ई२ | ब३ | ० | −ब१ |
| ३ | ई३ | −ब२ | ब१ | ० |

शून्याव्या ओळीचा आपण वापरच केला नाही, ती प्रतिसममितीने आपोआप भरली गेली. तिच्यातून निघणारे समीकरण तपासून बघा: ऊर्जेच्या बदलाचा दर = विद्युत क्षेत्र आणि वेग यांचा अदिश गुणाकार, गुणिले भार. चुंबकीय क्षेत्र कणाची ऊर्जा वाढवत नाही, हे शाळेपासून ऐकलेले विधान इथे न मागता मिळाले.

दोन्ही अंक खाली हवे असतील तर शून्यावी ओळ आणि शून्यावा स्तंभ यांचीच चिन्हे उलटतात, म्हणजे ई चे चिन्ह बदलते. ब च्या जागा तशाच राहतात, कारण तिथे दोन उणे एकमेकांना खातात. आणि तुमच्या पुस्तकात काळाला उणे, अवकाशाला अधिक असा संकेत असेल, तर बलाचा नियम असाच लिहिल्यास सबंध सारणीचे चिन्ह उलटे दिसेल. घाबरू नका, भौतिकशास्त्र तेच आहे.

ही सारणी हर्मान मिन्कोव्स्की यांनी १९०८ मध्ये मांडली. पुढे १९१० मध्ये आर्नोल्ड सोमरफेल्ड तिला ‘षट्सदिश’ म्हणत, सहा घटकांचा सदिश. नाव मागे पडले, पण आत सहा आकडे आहेत ही आठवण ठेवायला बरे आहे.

वेग बदलून बघू

आता खरा उपयोग. १ दिशेने बीटा (प्रकाशवेगाच्या पटीत) या वेगाने जाणाऱ्या निरीक्षकाला काय दिसेल? नियम असा की प्रत्येक अंकावर लॉरेन्ट्झ रूपांतरण एकदा चालवायचे. दोन अंक, म्हणून दोनदा. मॅट्रिक्सच्या भाषेत, या रूपांतरणाच्या मॅट्रिक्सला ल म्हटले तर: नवी सारणी = ल × फ × (ल च्या ओळी-स्तंभांची अदलाबदल).

सोळा-सोळा पदे मांडत बसायची गरज नाही. रूपांतरण फक्त ० आणि १ या अंकांना मिसळते, २ आणि ३ ला हातही लावत नाही. म्हणून सहा जागांचे आपोआप गट पडतात. ०२ आणि १२ या जोडीत २ हा अंक नुसता प्रेक्षक आहे, त्यामुळे ही जोडी एखाद्या सदिशाच्या ० आणि १ घटकांसारखी मिसळते. म्हणजेच ई२ आणि ब३ मिसळतात. ०३ आणि १३ चेही तसेच, तिथे ई३ आणि ब२. जागा २३ मध्ये दोन्ही अंक प्रेक्षक, म्हणून ब१ तसाच. आणि जागा ०१? तिथे दोन्ही अंक मिसळतात, पण मिसळून येणारा गुणक गॅमा वर्ग गुणिले (१ − बीटा वर्ग), म्हणजे बरोबर १. म्हणून ई१ सुद्धा तसाच. मघाशी भारित पट्ट्यांवरून जे दिसले होते, त्याचे कारण हे: गतीच्या दिशेतला विद्युत घटक हा काळ आणि गतीची दिशा यांच्या प्रतलातल्या क्षेत्रफळासारखा आहे, आणि लॉरेन्ट्झ रूपांतरण ते क्षेत्रफळ बदलत नाही.

सूत्रे अशी:

ई१′ = ई१, ब१′ = ब१
ई२′ = गॅमा (ई२ − बीटा ब३)
ई३′ = गॅमा (ई३ + बीटा ब२)
ब२′ = गॅमा (ब२ + बीटा ई३)
ब३′ = गॅमा (ब३ − बीटा ई२)

आकडे घालू. ई२ = ३ टेस्ला, ब३ = ५ टेस्ला, बाकी सगळे शून्य. (आकडे अवास्तव मोठे आहेत, पण हिशोब सुटसुटीत होतो.) बीटा = ०.६ घ्या, म्हणजे गॅमा = १.२५. मग ई२′ = १.२५ × (३ − ०.६ × ५) = १.२५ × ० = ०. विद्युत क्षेत्र गायब. ब३′ = १.२५ × (५ − ०.६ × ३) = १.२५ × ३.२ = ४ टेस्ला. म्हणजे ३ आणि ५ ची जोडी दुसऱ्या निरीक्षकाला ० आणि ४ दिसली. ३-४-५ चा काटकोन त्रिकोण आठवला असेल, तर तो योगायोग नाही. त्याच्याकडे लगेच येऊ.

या हिशोबाचा प्रत्यक्षातला अर्थ फार देखणा आहे. एकमेकांना लंब असलेली विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रे वापरून विशिष्ट वेगाचेच कण निवडणारे उपकरण असते. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये ते वापरतात. त्यातून सरळ जाणाऱ्या कणाचा वेग ई भागिले ब इतका असतो, आमच्या आकड्यांत ३ भागिले ५, म्हणजे ०.६. प्रयोगशाळेतला माणूस म्हणतो, ‘विद्युत बल आणि चुंबकीय बल एकमेकांना तोलतात.’ कणाबरोबर जाणारा म्हणतो, ‘इथे विद्युत क्षेत्रच नाही, आणि कण स्थिर आहे, मग तो ढळेल कशाला?’ दोघेही बरोबर. सारणी एकच.

हे परिणाम दिसायला प्रचंड वेग लागतो असे समजू नका. एक चौरस मिलीमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर प्रवाह जाताना इलेक्ट्रॉन सरासरी सेकंदाला जेमतेम ०.०७ मिलीमीटर सरकतात. गोगलगायही त्यांच्यापेक्षा वेगवान. तरीही तारेभोवतीचे चुंबकीय क्षेत्र होकायंत्राची सुई वळवते. कारण त्या तारेच्या प्रत्येक घन मिलीमीटरमधल्या मुक्त इलेक्ट्रॉनांचा भार सुमारे १३.६ कुलोम असतो, आणि धन आयनांचा तितकाच भार तो पूर्ण खोडतो. विद्युत बाजू अशी शून्यावर आणून ठेवल्यामुळे सापेक्षतेची अतिसूक्ष्म दुरुस्तीच काय ती उरते. तिलाच आपण चुंबकत्व म्हणतो.

प्रत्येक हिशोबानंतर करायच्या दोन तपासण्या

निरीक्षक बदलला तरी न बदलणाऱ्या दोन संख्या या सारणीतून निघतात. पहिली: ब² − ई². सारणीची खालच्या अंकांची आवृत्ती आणि वरच्या अंकांची आवृत्ती यांच्या जागोजागच्या गुणाकारांची बेरीज करून तिचा अर्धा घेतला की ती मिळते. दुसरी: ई आणि ब यांचा अदिश गुणाकार. हिचा वर्ग म्हणजे सारणीचे निश्चयक. एकदा हाताने काढून बघा, सुखद धक्का बसतो.

वरच्या उदाहरणात २५ − ९ = १६, आणि नंतर १६ − ० = १६. अदिश गुणाकार आधी शून्य, नंतरही शून्य. जमले. मी वेग बदलण्याचा कुठलाही हिशोब या दोन तपासण्यांशिवाय पुढे नेत नाही. चिन्ह चुकले असेल तर दहापैकी नऊ वेळा पहिलीच तपासणी बोंब मारते.

तपासणीपलीकडेही या संख्यांना अर्थ आहे. दुसरी संख्या शून्य असून पहिली धन असेल तर विद्युत क्षेत्र पूर्ण नाहीसे करणारा निरीक्षक सापडतो, ऋण असेल तर चुंबकीय क्षेत्र नाहीसे करणारा. दुसरी शून्य नसेल तर दोन्हींपैकी काहीच कधी पूर्ण घालवता येत नाही, मात्र ती एकमेकांना समांतर दिसतील असा निरीक्षक असतो. आणि दोन्ही संख्या शून्य असतील तर? ती मोकळ्या अवकाशातली प्रकाशलहर. कितीही वेगाने पाठलाग करा, लहर क्षीण होत जाईल, पण ई आणि ब तिथे समान आणि लंबच राहतील. पाठलाग करून प्रकाश थांबलेला का दिसत नाही, याचे एका ओळीतले उत्तर हेच.

विभवातून येणारी वाट

सारणी भरायचा दुसरा रस्ता विभवांचा. विद्युत विभव (प्रकाशवेगाने भागलेला) आणि चुंबकीय सदिश विभव यांचा मिळून खराखुरा चतुःसदिश होतो, त्याला अ म्हणू. मग

फ_मन = ∂_म अ_न − ∂_न अ_म

सूत्राची रचनाच अशी आहे की म आणि न ची अदलाबदल केली की चिन्ह उलटते. अ मध्ये कुठल्याही फलनाचे विकलज मिळवले तरी फ बदलत नाही, कारण दोनदा आंशिक विकलन करताना क्रम कुठलाही चालतो. आकडेमोड करताना हे स्वातंत्र्य वापरून अ ला सोयीचे रूप देता येते. एकच खबरदारी: इथे अ चा अंक खाली आहे, म्हणून अवकाशातल्या घटकांना उणे आलेले असते. ते विसरले की ब चे चिन्ह उलटे पडते.

मॅक्सवेलची समीकरणे

मॅक्सवेल यांच्या १८६५ च्या निबंधात २० समीकरणे होती. ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८० च्या दशकात सदिशांच्या भाषेत ती चारांवर आणली. सारणी हाती आली की दोन पुरतात.

पहिले: ∂_म फ^मन = म्यू-शून्य × जे^न

म्यू-शून्य हा निर्वाताचा चुंबकीय स्थिरांक, आणि जे हा प्रवाहाचा चतुःसदिश. शून्यावा घटक विद्युतभाराची घनता गुणिले प्रकाशवेग, बाकीचे तीन प्रवाहघनतेचे. न = ० घाला, सारणीच्या शून्याव्या स्तंभाचा डायव्हर्जन्स निघतो आणि गाउसचा नियम मिळतो. न = १ घाला: −∂_० ई१ + ∂_२ ब३ − ∂_३ ब२ = म्यू-शून्य × जे^१. हा अँपिअरचा नियम, आणि त्यात मॅक्सवेल यांनी घातलेले जादा पद आधीच बसलेले आहे. ते पद वेगळे ‘शोधावे’ लागत नाही, सारणीची शून्यावी ओळ ते घेऊन येते.

आता या समीकरणावर ∂_न चालवा. डावीकडे ∂_न ∂_म सममित, फ प्रतिसममित, म्हणून बेरीज शून्य. उजवीकडे उरते ∂_न जे^न = ०, म्हणजे विद्युतभार अक्षय आहे. वस्तुमान टिकावे म्हणून आपण प्रतिसममिती मान्य केली होती, तिनेच भारही टिकवला.

दुसरे समीकरण: ∂_क फ_मन + ∂_म फ_नक + ∂_न फ_कम = ०

तीन अंक चक्राकार फिरवायचे. दिसायला ६४ समीकरणे, पण दोन अंक सारखे घेतले की काहीच हाती लागत नाही. चारांतून तीन वेगळे अंक निवडायचे चारच मार्ग. १, २, ३ निवडले की ब चा डायव्हर्जन्स शून्य, म्हणजे सुटा चुंबकीय ध्रुव नाही. ०, १, २ निवडले की फॅरडे यांच्या नियमाचा तिसरा घटक, आणि ०, १, ३ व ०, २, ३ मधून उरलेले दोन. सुरुवातीचे वेटोळे आणि चुंबक इथे परत भेटतात. ‘सुटा ध्रुव नाही’ आणि ‘बदलते चुंबकीय क्षेत्र विद्युत क्षेत्र निर्माण करते’ ही एकाच समीकरणाची दोन वाचने आहेत. पहिले प्रत्येक निरीक्षकासाठी खरे असेल, तर दुसरे खरे असावेच लागते. क्षेत्र विभवांतून काढले असेल तर हे समीकरण सोडवावेच लागत नाही, ते आपोआप पाळले जाते.

संगणकावर करताना

चार बाय चारची सारणी आणि दोन गुणाकार, पायथॉनमध्ये पाच-सहा ओळींचे काम. तरी एक खड्डा नेमका इथेच आहे. ल × फ × ल हा नियम वरच्या अंकांच्या सारणीचा आहे. खालच्या अंकांच्या सारणीला तोच ल लावलात तर उत्तर दिसायला ठीक येते, पण ते उलट दिशेने जाणाऱ्या निरीक्षकाचे असते. आणि वाईट म्हणजे मघाच्या दोन्ही तपासण्या त्यात पास होतात, कारण उलट दिशेचा निरीक्षकही तितकाच वैध. दहातली दहावी वेळ म्हणतात ती ही. म्हणून एक उदाहरण हाताने सोडवलेले जवळ ठेवा. ३ आणि ५ चे ० आणि ४ झाले पाहिजेत. तुमच्या प्रोग्रॅमने ७.५ आणि ८.५ दिले, तर वेगाचे चिन्ह उलटले आहे.

जुन्या पुस्तकांत काळाला काल्पनिक संख्येने गुणून चारही दिशा सारख्या करण्याची पद्धत दिसेल. मिन्कोव्स्की स्वतः तसे करत. वर-खाली अंकांची कटकट त्यात वाचते, पण गुरुत्वाकडे वळलात की ती पद्धत हातातून सुटते. नव्याने शिकणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

वक्र अवकाश-कालात

गुरुत्व असेल तर साध्या विकलजांच्या जागी वक्रतेची दखल घेणारे विकलज घ्यावे लागतात आणि प्रत्येक अंकामागे जादा पदे येतात. पण फ_मन च्या विभवाच्या सूत्रात ही पदे एकमेकांना पूर्ण कापतात, कारण ती म आणि न मध्ये सममित असतात आणि आपण वजाबाकी करत असतो. तीन अंकांच्या चक्राकार समीकरणातही तसेच. ही दोन्ही सूत्रे कृष्णविवराजवळसुद्धा आहेत तशी वापरा, एक अक्षर बदलू नका. अंतराचे सूत्र, म्हणजे मेट्रिक, लागते ते फक्त प्रवाहाच्या समीकरणात. तिथे फ चे अंक वर न्यावे लागतात, आणि मेट्रिकच्या निश्चयकाचे उणे घेऊन त्याचे वर्गमूळ विकलनाच्या आत फ ला गुणायचे आणि बाहेर त्यानेच भागायचे. अंक वर नेण्याचे आणि हा गुणक घालण्याचे काम झाले की उरलेला हिशोब सपाट अवकाशातल्यासारखाच चालतो.